‘टक’ की ‘ठप’? नऱ्ह्याच्या गॅरेजमधील मागच्या ॲक्सलची तपासणी

नऱ्ह्याहून धायरीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळले की पत्र्याची एक जुनी शेड लागते. तिच्यावर पाटी नाही. आत एक काँक्रीटचा खड्डा आहे, भिंतीला लावलेले पाने आहेत आणि एका वेळी जेमतेम दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आहे. साठीच्या आसपासचे एक मिस्त्री आणि त्यांचे दोन मदतनीस मिळून हे गॅरेज चालवतात. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. गेल्या मे महिन्यात माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचे काम मी त्यांच्याकडून करून घेतले. त्यांनी दोष ज्या रीतीने शोधला, ती मला सविस्तर नोंदवावीशी वाटते, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्याचे सर्वाधिक पैसे चुकीच्या निदानात जातात, असे माझे अनुभवांती ठाम मत झाले आहे.

गाडी १९९६ सालची मर्सिडीज ई २२० आहे, डब्ल्यू १२४ या मालिकेतली. या कंपनीने १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात भारतातली जुळणी सुरू केली ती याच मालिकेपासून. चाकणचा कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००९ मध्ये उभा राहिला. माझे वडील त्यामुळे या गाडीला ‘आपल्या गावची गाडी’ म्हणत आणि शेवटपर्यंत त्यांनी ती स्वतः चालवली. आता ती माझ्याकडे आहे आणि एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर धावलेली आहे.

या गाडीचा मागचा ॲक्सल ॲम्बॅसडर किंवा पद्मिनीसारखा एकसंध नाही, हे आधी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी दात्यांची पेटी, मधोमध बसवलेले असते, त्यातून डावीकडे आणि उजवीकडे एकेक शाफ्ट निघतो आणि प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वर-खाली होऊन कोन बदलला तरी जोर एकसारखा पोचवणारा सांधा, असतो. म्हणजे सीव्ही जॉइंटच चार झाले. शिवाय प्रत्येक मागचे चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेले असते. त्या दांड्यांच्या टोकांना बुश, म्हणजे धक्का सोसणाऱ्या रबरी नळ्या, असतात आणि सर्वांत खालच्या रुंद आर्मच्या बाहेरच्या टोकाला, चाक ज्या ओतीव भागावर बसते त्या नकलमध्ये, एक जॉइंट दाबून बसवलेला असतो. चाक खड्ड्यात गेले तरी सरळ राहावे म्हणून केलेली ही रचना उत्तम आहे, पण तिचे वय झाले की आवाज नेमका कुठून येतो हे सांगणे अवघड होते, कारण एका हाताच्या अंतरात डझनभर सांधे असतात.

माझी तक्रार अशी होती की क्लच सोडताना मागे डाव्या बाजूला टक असा आवाज येई, गतिरोधकावर पुन्हा आवाज येई, साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबला की सीटखाली थरथर जाणवे आणि वेग वाढला की एक अखंड घूं ऐकू येई. शहरातील एका मोठ्या वर्कशॉपने गाडी लिफ्टवर घेऊन दहा मिनिटांत दोन्ही शाफ्ट, दोन्ही बाजूंच्या सर्व दांड्या आणि डिफरन्शियलचे माउंटिंग बदलावे लागेल असे सांगितले आणि एक लाख सत्तावीस हजारांचे अंदाजपत्रक हातात दिले. त्यात कोणता भाग किती झिजला आहे याचा एक शब्दही नव्हता. मी विचारले, तेव्हा ‘मॅडम, एवढ्या जुन्या गाडीत सगळेच गेलेले असते’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका गॅरेजने घूं आवाजावरून डाव्या चाकाचे बेअरिंग बदलले. बेअरिंग नवे झाले आणि चारही तक्रारी जशाच्या तशा राहिल्या.

काकांकडे गेले तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहण्याआधी मला स्टुलावर बसवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना जास्त येतो की तापल्यावर, रिव्हर्स टाकताना येतो का, ब्रेक मारताना येतो का, मागे माणसे बसली की वाढतो का, टायर शेवटचे कधी बदलले. खालून पाण्याचा फवारा मारून आणला नाही ना, हेही विचारले, कारण धुतलेल्या गाडीखाली ग्रीस कुठे उडाले आहे ते दिसत नाही. मग त्यांनी विचारले, ‘ताई, आवाज टक येतो की ठप?’

या प्रश्नाने मी थांबले. तोवर प्रत्येक ठिकाणी मी ‘टक-टक येते’ एवढेच सांगत आले होते आणि ऐकणाऱ्यानेही तेवढेच ऐकले होते. आठवून पाहिल्यावर लक्षात आले की क्लच सोडताना येतो तो आवाज कोरडा आणि लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आहे, तर गतिरोधकावरचा आवाज जाड आणि दबका आहे. काका म्हणाले, ‘मग ते दोन वेगळे आजार आहेत. एकाच औषधाने जाणार नाहीत.’

चाचणीसाठी त्यांनी गाडी मलाच चालवायला सांगितली आणि स्वतः मागच्या सीटवर डाव्या बाजूला, चाकाच्या कमानीवर तळहात टेकवून बसले. नवले पुलाच्या उताराकडे जायचे नाही, हे त्यांनी आधीच बजावले. अवजड वाहनांच्या त्या गर्दीत वेग कमी-जास्त करून पाहणे धोक्याचे आहे आणि मला त्यांची ही काळजी मनापासून आवडली. आतल्या रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हळू जात त्यांनी मला ॲक्सिलरेटर दाबायला आणि सोडायला लावला. दर वेळी टक असा आवाज आला. मग तोच रस्ता, तोच वेग, पण गाडी न्यूट्रलमध्ये, आणि समोर गतिरोधक. इंजिनाचा जोर चाकांवर नसतानाही ठप असा आवाज आलाच. अशा रीतीने पाच मिनिटांत दोन्ही आवाजांची फारकत झाली: जोर बदलताना येणारा आवाज शाफ्टच्या बाजूचा आणि जोर नसतानाही खाचखळग्यावर येणारा आवाज चाक धरणाऱ्या सांध्यांचा. घूं आवाजही न्यूट्रलमध्ये तसाच राहिला, म्हणजे तो डिफरन्शियलच्या दात्यांचा असण्याची शक्यता कमी झाली, कारण दात्यांचा आवाज सहसा जोर देताना आणि सोडताना बदलतो.

थरथरीबद्दल त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले. माझ्या गाडीला १९५/६५ आर १५ मापाचे टायर आहेत. त्यांचा परीघ जवळजवळ दोन मीटर भरतो. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर, म्हणजे चाकाचे आणि शाफ्टचे मिनिटाला पाचशे फेरे, सेकंदाला आठाच्या थोडे वर. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट मात्र त्याच वेळी तिपटीहून अधिक वेगाने फिरत असतो, सेकंदाला सव्वीस-तीस वेळा. सेकंदाला आठ हादरे मांडीला वेगवेगळे कळतात. तीस असतील तर त्यांची नुसती गुणगुण होते. माझ्या सीटखाली कळत होते ते हादरे होते, म्हणून काकांनी प्रोपेलर शाफ्टचा संशय तिथेच मागे ठेवला आणि तो पुसून टाकला नाही, फक्त शेवटी पाहू म्हणाले.

शेडमध्ये परतल्यावर गाडी खड्ड्यावर घेतली. इथून पुढचा एक तास मी खाली उतरून पाहिला आणि त्यांनी मला एकदाही बाहेर थांबायला सांगितले नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, फक्त डावे मागचे चाक उचलून गाडी स्टँडवर टेकवली, पार्किंग ब्रेक सोडला आणि गाडी गिअरमध्ये ठेवली. एकच चाक उचलण्यामागे कारण आहे. दोन्ही उचलली तर डिफरन्शियलमुळे एक चाक पुढे फिरवताच दुसरे मागे फिरते आणि मोकळीक कुठे आहे ते समजत नाही. एक चाक जमिनीवर राहिले की उचललेल्या चाकाला फक्त सांध्यांमधल्या ढिलाईइतकेच हलता येते. मग मदतनीसाने चाक पुढे-मागे हलवले आणि काकांनी शाफ्ट मुठीत धरला. चाक हलते पण मुठीतला शाफ्ट हलत नाही, तर बाहेरचा जॉइंट झिजलेला. शाफ्ट हलतो पण डिफरन्शियलची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथे जोडलेला असतो ती चकती, हलत नाही, तर आतला. फ्लँजही हलत असेल, तर ती दात्यांमधली मोकळीक, जी थोडी असायलाच हवी. त्यांनी माझा हात शाफ्टवर ठेवला. चाक हलले, कडेला स्पष्ट टिचकी बसली, आणि माझ्या मुठीतला शाफ्ट मात्र स्वस्थ होता. उजव्या बाजूला हेच करून पाहिले, तिथे चाकाबरोबर शाफ्टही लगेच हलला.

डाव्या बाहेरच्या जॉइंटच्या रबरी बूटला, म्हणजे ग्रीस आत राखणाऱ्या वळ्यांच्या आवरणाला, वळीच्या आत चीर गेली होती. वरून पाहताना ती दिसत नव्हती. काकांनी वळी दोन अंगठ्यांनी उघडली तेव्हा दिसली. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस रेषेत उडालेले होते. त्यांनी बूटच्या आतले ग्रीस काडीच्या टोकावर घेऊन बिलबुकाच्या कोऱ्या पानावर पसरले आणि पान शेडबाहेर उन्हात धरले. ग्रीसमध्ये चांदीच्या वर्खासारखे बारीक कण चमकत होते आणि बोटांत चोळल्यावर वाळूही कचकचत होती. वाळू बाहेरून आत गेली आणि चमक आतल्या पोलादी गोळ्यांची आणि त्यांच्या खोबणींची, असे त्यांनी सांगितले. बूट फाटल्याचे वेळीच कळले असते तर नवे ग्रीस आणि नवा बूट यांवर भागले असते; कण चमकायला लागल्यावर ग्रीस भरून उपयोग नसतो. उजव्या बूटवर फक्त वरवरच्या भेगा होत्या आणि आतले ग्रीस स्वच्छ काळे होते. ते पान मी मागून घेतले आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहे.

ठप आवाजाचा शोध त्यांनी दोन स्थितींत घेतला. आधी गाडीचे वजन चाकांवर ठेवून मदतनीसाला डिकीजवळून गाडी डावी-उजवीकडे डोलवायला लावली आणि स्वतः एकेका सांध्यावर दोन बोटे आडवी ठेवत गेले, म्हणजे एक बोट आर्मवर आणि दुसरे नकलवर. दोन्ही बोटे बरोबर हलली तर सांधा घट्ट. खालच्या जॉइंटवर दोन बोटांना वेगवेगळी हालचाल लागली. नंतर चाक लटकत ठेवून तिथे टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि हलकेच उचलले. जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका, सुमारे दोन मिलिमीटर, वर-खाली झाला. त्याचे धुळीचे आवरण फाटले होते. लटकत्या चाकात दिसणारे सगळे वजनाखाली दिसेलच असे नाही आणि उलटही खरे आहे, म्हणून दोन्ही स्थितींत पाहायचे, हा त्यांचा नियम आहे. ज्या वर्कशॉपने मला सव्वा लाखाचा अंदाज दिला तिथे गाडी केवळ लिफ्टवर लटकवून विजेरी मारली होती, टॉमीला कोणी हात लावला नव्हता.

घूं आवाजाचे उत्तर सर्वांत साधे निघाले. काकांनी चाक फिरवून कॉइल स्प्रिंगवर हात ठेवला, कारण बेअरिंग खराब असेल तर त्याची खरखर स्प्रिंगमध्ये उतरते आणि कानापेक्षा हाताला आधी कळते. स्प्रिंग शांत होती. मग त्यांनी टायरच्या पृष्ठभागावरून माझा तळहात बाहेरून आत फिरवला, तो गुळगुळीत गेला. आतून बाहेर फिरवला, तो करवतीच्या दात्यांसारखा अडकला. ढिल्या जॉइंटमुळे चाक सरळ राहत नव्हते आणि टायर तिरका घासत होता. म्हणजे आधी बदललेले बेअरिंग विनाकारण बदलले होते.

शेडमध्ये दुसरी गाडी एक पद्मिनी होती, आणि तिच्याबद्दल थोडे लिहितेच, कारण पुष्कळ वाचकांची जुनी गाडी त्या घडणीची असेल. पद्मिनी, ओम्नी, जिप्सी, सुमो यांचा मागचा ॲक्सल एकसंध असतो; चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला सांधेच नसतात आणि झिजणारा सांधा असतो तो प्रोपेलर शाफ्टचा, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. काकांनी त्या पद्मिनीच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती साचलेली विटकरी रंगाची पूड दाखवली. आतले ग्रीस संपून बेअरिंगच्या बारीक सुया गंजल्या की ही पूड बाहेर येते, आणि त्याआधी कितीतरी दिवस गाडी हळू चालताना चिमणीसारखा चिवचिवाट ऐकू येतो. तो ऐकून मालक बहुधा ब्रेककडे संशयाने पाहतात. ज्यांच्या गाडीला इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असतो, त्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये यांपैकी काहीच नसते. तिथे मागून आवाज आला तर बुश, शॉकअप आणि बेअरिंग यांच्याकडे पाहावे.

तपासणीनंतर काकांनी एक कागद लिहून दिला, त्यावर तीन भाग होते. आत्ता बदलायचे: डावा शाफ्ट, आणि खालचे जॉइंट दोन्ही बाजूंचे, कारण एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा एकोणतीस वर्षांचा ठेवला तर गाडी सरळ चालणार नाही. उजव्या शाफ्टला फक्त नवा बूट. सहा महिन्यांनी पाहायचे: प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या रबरी कपलिंगला पडलेल्या बारीक भेगा. बदलायचे नाही: बाकीच्या दांड्या, डिफरन्शियलचे माउंटिंग आणि उजवा शाफ्ट. या तपासणीचे त्यांनी बाराशे रुपये घेतले आणि काम दुसरीकडे करून घेतले तरी कागद घेऊन जा म्हणून सांगितले. आपल्याकडे गाडी नुसती बघण्याचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात, आणि म्हणूनच भाग विकून नफा काढण्याची सवय गॅरेजना लागते. मला हे बाराशे रुपये या वर्षातला सर्वांत योग्य खर्च वाटतो.

बूट, क्लिपा आणि ग्रीस नाना पेठेत मिळाले. शाफ्ट आणि जॉइंट मुंबईहून मागवावे लागले, त्यात नऊ दिवस गेले. जुना जॉइंट नकलमधून हातोड्याने न काढता त्यांनी दाबयंत्राने काढला. एक गोष्ट मात्र मी इथेच पहिल्यांदा पाहिली. रबरी बुश असलेले बोल्ट त्यांनी आधी सैल ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, मागे-पुढे ढकलून स्थिर होऊ दिली आणि मगच खड्ड्यातून ते पूर्ण आवळले. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. एकूण खर्च तपासणी धरून शेहेचाळीस हजार आठशे आला.

उणिवा आहेत आणि त्या गंभीर आहेत. काका काम करताना फोन उचलत नाहीत, त्यामुळे भाग आले की नाही हे कळायला मला तीनदा जाऊन यावे लागले. बसायला स्टुलाखेरीज जागा नाही आणि पावसाळ्यात आवारात चिखल होतो. अलाइनमेंटचे यंत्र त्यांच्याकडे नाही. या गाडीच्या मागच्या चाकांचाही कोन जुळवावा लागत असल्यामुळे चारही चाकांचे अलाइनमेंट करणाऱ्या दुकानात लगेच जावे लागते आणि तो खर्च वेगळा असतो. हे त्यांनी आधी सांगायला हवे होते. शिवाय दोनशे किलोमीटर चालल्यावर उजव्या नव्या बूटच्या आतल्या क्लिपेपाशी ग्रीसचा ओघळ दिसला. क्लिप नीट बसली नव्हती. मी गाडी नेली, त्यांनी चूक मान्य केली, बूट पुन्हा उघडून ग्रीस भरले आणि पैसे घेतले नाहीत. ज्यांना गाडी सकाळी देऊन संध्याकाळी न्यायची आहे, त्यांच्यासाठी हे ठिकाण नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर मी दिवे घाटातून सासवडला जाऊन आले. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अदलाबदल करताना टक आला नाही, सासवडच्या अलीकडच्या गतिरोधकांवर ठप आला नाही आणि साठला सीट स्थिर राहिली. घूं अजून आहे, टायर बदलेपर्यंत तो राहणार हे काकांनी कागदावर खाली लिहून दिलेच होते. मागच्या कपलिंगच्या भेगा पाहण्यासाठी मला नोव्हेंबरात पुन्हा जायचे आहे; ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी दहाच्या आत जावे, गाडी खालून धुऊन नेऊ नये, आणि आवाज कसा येतो ते घरून नीट ऐकून जावे.